डॉल्फी: फिलिपिन्सच्या विनोदाच्या राजाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉल्फी म्हणजे नेमके कोण?

फिलिपिन्समध्ये 'विनोदाचा राजा' म्हटलं की दुसरं नाव कुणी घेत नाही. पूर्ण नाव रोदोल्फो वेरा किसोन. जन्म 25 जुलै 1928, मनिलातल्या तोंदो या भागात. मृत्यू 10 जुलै 2012, मनिलाला लागून असलेल्या माकाती शहरात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रंगमंचावर नाचणारा एक पोऱ्या म्हणून सुरुवात झाली आणि 2010 साली, ऐंशी ओलांडल्यावरही, ते चित्रपटांत काम करत होते. मधल्या साडेसहा दशकांत रंगमंच, रेडिओ, सिनेमा, दूरदर्शन सगळं झालं. आजी, आई आणि नात एकाच खोलीत बसून ज्याच्यावर हसल्या, असा हा माणूस.

'डॉल्फी' हे खरं नाव की पडद्यावरचं?

पडद्यावरचं. रोदोल्फोचं लाडकं रूप. रंगमंचावर सुरुवातीला ते 'गोलाय' या नावाने वावरत. पहिल्या चित्रपटांत रोदोल्फो किसोन असं साधं नाव लागलं. पुढे साम्पागिता पिक्चर्स या मोठ्या स्टुडिओचे कर्तेधर्ते डॉक्टर होसे पेरेस यांनी 'डॉल्फी' ठरवलं आणि तेच टिकलं. प्रेमाने लोक त्यांना 'पिदोल' म्हणत. ही टागालोग भाषेतली गंमत आहे: शब्दाची अक्षरं उलटीपालटी करून नवं नाव पाडायचं आणि 'फ'च्या जागी 'प' घालायचा. 'फ' आणि 'प' यांच्या या अदलाबदलीकडे पुढे पुन्हा येऊ, कारण त्यांच्या एका गाजलेल्या चित्रपटाचं नावच तिच्यावर उभं आहे.

बालपण कसं गेलं?

गरिबीत. तोंदो म्हणजे मनिला बंदराच्या कुशीतली दाट वस्ती, गोदीत राबणाऱ्यांची. वडील जहाजावर यंत्रांचं काम करायचे, आई शिवणकाम. घरात दहा भावंडं, त्यांत हे दुसरे. हातात पैसा यावा म्हणून पोराने मिळेल ते केलं: बूट पॉलिश, गोदीत हमाली, कपड्यांना बटणं लावणं, आकारानुसार बाटल्या वेगळ्या करणं, पुढे घोडागाडी आणि जीपनी, म्हणजे तिथली प्रवासी वाहतुकीची जीप, हाकणं.

या सगळ्या कामांत एक काम पुढच्या आयुष्याला वळण देणारं ठरलं. थिएटरांत तो शेंगदाणे आणि कलिंगडाच्या भाजलेल्या बिया विकायचा. टोपली हातात असली की दारावर कुणी अडवत नसे, म्हणजे खेळ फुकट बघायला मिळे. पहिली शिकवणी ही अशी झाली. तोच विनोद, तेच नाच पुन्हापुन्हा पाहायचे आणि कुठे टाळी पडते, कुठे पडत नाही, हे अंधारात उभं राहून ऐकायचं. पुढे त्यांच्या कामात वेळेची जी जाण दिसते, तिची मुळं मला या टोपलीत दिसतात.

युद्धात मनिला होरपळत असताना थिएटरं चालू कशी होती?

हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो, आणि उत्तर ऐकण्यासारखं आहे. 1942 च्या सुरुवातीला जपानी सैन्य मनिलात शिरलं. तोवर शहरातल्या सिनेमागृहांवर हॉलिवूडचं राज्य होतं. जपान्यांनी अमेरिकन चित्रपट बंद केले आणि पडदे ओस पडले. मग त्याच इमारतींत 'बोदाबिल' भरभराटीला आलं. अमेरिकन वॉदेव्हिलचं हे फिलिपिनो बारसं: गाणी, नाच, जादू, कसरती, मधेमधे विनोदी प्रवेश, सगळं एका तिकिटात. सिनेमातले बेकार झालेले नटही या रंगमंचाकडे वळले.

छोट्या रोदोल्फोचे आदर्श याच रंगमंचावर होते: पुगो आणि तोगो ही विनोदी जोडी आणि नर्तक बायानी कासिमिरो. पुगो-तोगोंचा एक प्रवेश फिलिपिन्समध्ये आजही सांगितला जातो. जपानी सैनिक लोकांची मनगटी घड्याळं हिसकावत. हे दोघे सैनिकांच्या वेशात, दोन्ही हातांवर रांगेने घड्याळं चढवून मंचावर आले. प्रेक्षक हसले आणि जोडीला कोठडी मिळाली. हसवण्याची किंमत मोजावी लागते, हे कळण्यासाठी त्या पोराला पुस्तक वाचावं लागलं नाही.

बेनी मॅक या कलाकाराने त्याला आधी समूहनृत्यात उभं केलं, ॲव्हेन्यू थिएटरात. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की खेळ थांबायचा. 1945 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मनिलाच्या लढाईत शहराची राख झाली, सुमारे एक लाख नागरिक गेले. डॉल्फींच्या पिढीचे विनोदी नट या राखेतून आलेले आहेत. त्यांच्या विनोदात रडगाणं कमी आणि चिवटपणा जास्त का, असं कुणी विचारलं तर मी या वर्षांकडे बोट दाखवीन.

सिनेमात प्रवेश कसा झाला?

युद्धानंतर लगेच, 1946 साली, फर्नांदो पो सीनियर यांच्यामुळे एका युद्धपटात छोटी भूमिका मिळाली. पण जम बसला तो 1952-53 मध्ये, अभिनेते पांचो मागालोना यांनी साम्पागिता पिक्चर्सकडे शब्द टाकल्यावर. त्या काळचे फिलिपिनो स्टुडिओ नटांना करारावर पगारी ठेवत. डॉल्फी आधी नायकाचे मित्र झाले, मग स्वतःच नायक. पुढे त्यांनी आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून आरव्हीक्यू प्रॉडक्शन्स ही निर्मितीसंस्था काढली आणि टार्झन, जेम्स बाँड, कॉमिक्समधले महाबली यांची विडंबनं केली. 1979 मध्ये तर त्यांनी दार्ना या फिलिपिनो महानायिकेचाच वेश चढवला.

पांचितो कोण?

जोडीदार. पांचितो आल्बा: रुंद चेहरा, मोठं नाक, दणदणीत आवाज. डॉल्फी किडकिडीत आणि चपळ. रेडिओवर जुळलेली ही जोडी 1964 मध्ये 'बुहाय आर्तिस्ता', म्हणजे 'कलावंताचं आयुष्य', या मालिकेतून घराघरांत गेली. त्यातला गाण्यांच्या भाषांतराचा प्रवेश प्रेक्षक मागून घेत. एखादं लोकप्रिय इंग्रजी प्रेमगीत घ्यायचं, एकाने ओळ म्हणायची, दुसऱ्याने तिचं शब्दाला शब्द ठेवून टागालोग करायचं. गाणं हळुवार, भाषांतर धबधब्यासारखं, आणि दोघांचे चेहरे भाविकाइतके गंभीर. इंग्रजी येणं हीच जिथे प्रतिष्ठा होती, त्या देशात सामान्य माणसाने इंग्रजीची अशी फिरकी घेणं हा फार मोकळा करणारा अनुभव असणार.

पडद्यावर पांचितोंच्या नाकावरून डॉल्फींनी किती वर्षं चेष्टा केली याला गणती नाही. पडद्याबाहेर पांचितो गेले तोवर, म्हणजे 1995 पर्यंत, मैत्री अभंग राहिली.

'जॉन एन मार्शा' मध्ये एवढं काय होतं?

1972 च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष फर्दिनांद मार्कोस यांनी लष्करी कायदा लागू केला. एबीएस-सीबीएन ही वाहिनी बंद पाडली गेली आणि तिच्याबरोबर 'बुहाय आर्तिस्ता'ही. 1973 मध्ये आरपीएन-9 या वाहिनीवर आदिंग फर्नांदो यांनी लिहून-दिग्दर्शित केलेली नवी मालिका आली. ती 1990 पर्यंत चालली. सतरा वर्षं. शिवाय तिच्यावरून चित्रपटही निघाले.

गोष्ट सोपी आहे. मार्शा श्रीमंताघरची लेक; तिने जॉन पुरुंतोंग या फाटक्या पण प्रेमळ माणसाशी लग्न केलं. दोघं झोपडीवजा घरात राहतात, दोन मुलं आहेत. आणि आहे मार्शाची आई, डोन्या डेलायला: अंगभर दागिने, मागे चिरक्या आवाजाची मोलकरीण मातुतिना. सासू अधूनमधून या झोपडीत अवतरते, जावयाची यथासांग हजेरी घेते आणि जाताना तेच वाक्य सुनावते: 'काया इकाव, जॉन, मागसुमिकाप का!' म्हणजे, 'म्हणून सांगते जॉन, जरा हातपाय हलव, कष्ट कर!' हे वाक्य सगळ्या देशाच्या तोंडी बसलं.

मार्शा होती निदा ब्लांका. विनोदी मालिकेतली बायको एवढ्या समजुतीने आणि एवढ्या डौलाने क्वचितच कुणी साकारली असेल. सासू होत्या देली आताय-आतायान. मुलगी शर्ली म्हणजे मारिसेल सोरियानो, जी याच मालिकेत वाढत वाढत स्वतः मोठी तारका झाली. मुलगा रॉली झाला डॉल्फींचा खरा मुलगा, रॉली किसोन.

आता मला यात काय दिसतं ते सांगते. सासू बोलते, जॉन ऐकून घेतो. उलट उत्तर देतो ते तोंडातल्या तोंडात, प्रेक्षकाला ऐकू जाईल इतकंच. पण तो सासूचा पैसा घेत नाही. मालिकेचा कणा हाच आहे. ज्या काळात सत्तेजवळच्या मूठभर घराण्यांची श्रीमंती सगळ्यांना दिसत होती आणि तिच्याबद्दल मोठ्याने बोलायची सोय नव्हती, त्या काळात दर आठवड्याला एक गरीब माणूस एका श्रीमंत बाईचा पैसा नाकारत होता आणि बायको त्याच्या बाजूने उभी राहत होती. ही मालिका गरिबाला गरिबीतच समाधानी राहायला शिकवते, असा आक्षेप घेतला गेला. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आरपीएन-9 ही वाहिनी मार्कोस यांच्या गोटातल्या उद्योगपतीचीच होती. तरीही जॉनचं ते पुटपुटणं मला समाधानाचं वाटत नाही. झुकलेल्या पण न विकलेल्या माणसाचं वाटतं.

'पुरुंतोंग' नावाचा कपडा असतो, हे खरं का?

हो. जॉन पुरुंतोंग घरात गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी घालायचा. तशा चड्डीला फिलिपिन्समध्ये 'पुरुंतोंग' म्हणू लागले. ज्यांनी मालिकेचा एकही भाग पाहिलेला नाही, तेही दुकानात पुरुंतोंग मागतात. पुरस्कारांच्या यादीपेक्षा मला हे मोठं वाटतं.

त्यांनी समलिंगी पुरुषांच्या एवढ्या भूमिका का केल्या? त्या अपमानकारक होत्या का?

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि देऊही नये.

टागालोगमध्ये 'बाक्ला' असा शब्द आहे. वागण्या-बोलण्यात बायकी असलेल्या, पुरुषांकडे ओढ असलेल्या पुरुषासाठी तो वापरतात. डॉल्फींनी 1954 च्या 'जॅक एन जिल' मध्ये पहिल्यांदा अशी मोठी भूमिका केली आणि ती तुफान चालली. 1969 मध्ये आला 'फासिफिका फालायफाय': मुलगी हवी असलेल्या आईने मुलालाच मुलीसारखं वाढवलं, अशी कथा. नावातला विनोद 'प' आणि 'फ' चा आहे. जुन्या टागालोगमध्ये 'फ' हा उच्चारच नव्हता. त्यामुळे पासिफिकाची 'फासिफिका' केली की एकदम नखरेल, उसनी ऐट आल्यासारखं वाटतं.

हे चित्रपट आज पाहताना अवघडल्यासारखं होतं. किंचाळणं, मुरडणं, आणि शेवटी 'बरा' होऊन बाईच्या प्रेमात पडणं. बाक्ला असणं म्हणजे सुधारण्यासारखी खोड, असा अर्थ त्यातून निघतो. ज्यांच्यावर शाळेत आणि गल्लीत ही नावं फेकली गेली, त्यांना त्यात हसू येत नसेल तर त्यांचं चूक नाही.

पण डॉल्फी तिथे थांबले नाहीत. 1978 मध्ये ते लिनो ब्रोका यांच्याकडे गेले. ब्रोका म्हणजे झोपडपट्टी, शोषण आणि हुकूमशाहीवर बोलणारा दिग्दर्शक; त्याच वर्षी त्यांचा 'इन्सियांग' कान महोत्सवात दाखवला गेला होता. दोघांनी मिळून केला 'आंग ताताय कोंग नानाय'. अर्थ: 'माझा बाप म्हणजेच माझी आई'. कोरिंग नावाचा बाक्ला आपल्या जुन्या प्रियकराचं मूल सांभाळतो. मुलाने आपल्यासारखं होऊ नये म्हणून स्वतःचं वागणं दाबून टाकायचा आटापिटा करतो. मग मुलाची जन्मदाती श्रीमंत होऊन परत येते आणि हक्क सांगते. डॉल्फी इथेही हसवतात. पण हसू कोरिंगवर येत नाही. मूल वाढवताना कुठल्याही आईबापाची जी तारांबळ उडते, तिच्यावर येतं. कोरिंगच्या हालचाली फासिफिकाच्याच आहेत, फक्त आता त्या हालचालींच्या आत एक माणूस राहतो.

'मार्कोवा' बद्दल बरंच ऐकलं आहे. ते काय आहे?

2000 सालचा, खिल पोर्तेस दिग्दर्शित चित्रपट. वॉल्टर डेम्पस्टर ज्युनियर या खऱ्या बाक्लाच्या आयुष्यावर, ज्याला लोक वॉल्टरिना मार्कोवा म्हणून ओळखत. जपानी सैनिकांनी युद्धकाळात ज्या स्त्रियांना लैंगिक गुलाम केलं, त्यांच्याबद्दल उशिरा का होईना जग बोलू लागलं. मार्कोवाने सांगितलं की हे त्याच्यासारख्यांवरही ओढवलं होतं. मार्कोवाचं म्हातारपण डॉल्फींनी साकारलं आणि त्याआधीची वयं त्यांच्या दोन मुलांनी, एरिक आणि जेफ्री किसोन यांनी. 2001 मध्ये ब्रसेल्सच्या महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार तिघांना मिळून मिळाला.

डॉल्फींच्या भूमिकांवर बोलणाऱ्याने 'जॅक एन जिल' पासून इथपर्यंतचा सेहेचाळीस वर्षांचा रस्ता पाहावा, मग मत बनवावं. ज्या वर्षांत ते स्वतः थिएटरात शेंगदाणे विकत होते, त्याच वर्षांतली, त्याच शहरातली ही गोष्ट आहे. म्हातारा मार्कोवा बोलताना डॉल्फींच्या चेहऱ्यावर नेहमीचं एकही हत्यार नाही. ना डोळे फिरवणं, ना खांदे उडवणं. तो स्थिर चेहरा मी विसरू शकलेले नाही.

'होम अलाँग दा रिलेस' आणि 'जॉन एन मार्शा' यांत फरक काय?

नाव हॉलिवूडच्या एका लोकप्रिय चित्रपटावरचं, पण 'रिलेस' म्हणजे रेल्वेचे रूळ. डिसेंबर 1992 ते ऑगस्ट 2003 अशी जवळपास अकरा वर्षं ही विनोदी मालिका एबीएस-सीबीएनवर चालली. केव्हिन कोस्मे हा विधुर रुळांलगतच्या वस्तीत मुलांचा गोतावळा सांभाळतो. गाडी आली की घर हादरतं, भांडी नाचतात, सगळे जण वस्तू धरून उभे राहतात, गाडी गेली की संवाद जिथे तुटला तिथून पुढे. मनिलात रुळांच्या कडेला खरोखरच हजारो घरं होती. अशा वस्त्यांना लोक मालिकेच्याच नावाने ओळखू लागले.

फरक म्हणाल तर सासू गेली. जॉनला टोचणारं माणूस होतं. केव्हिनला टोचतं ते भाडं, शाळेची फी, नोकरी. मला 'जॉन एन मार्शा' अधिक आवडतं, पण नव्वदीत वाढलेल्या फिलिपिनोंना विचाराल तर ते केव्हिनचंच नाव घेतील.

त्यांचं लग्न झालं होतं का? मुलं किती?

लग्न कधीच केलं नाही. मुलं अठरा, वेगवेगळ्या नात्यांतली, त्यांत एक दत्तक. गायिका झा झा पादिया या 1989 पासून शेवटपर्यंत त्यांच्या सोबत होत्या. एरिक, एपी (वर उल्लेख आलेले जेफ्री), वँडॉल्फ अशी कित्येक मुलं अभिनयात आली. या विषयावर चघळायला खूप आहे. पडद्यावरचा एकनिष्ठ जॉन आणि खरा डॉल्फी यांत अंतर होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही, एवढंच मी नोंदवते.

एवढी लोकप्रियता असून राजकारणात का गेले नाहीत?

फिलिपिन्समध्ये नट सिनेटर होतात, राष्ट्राध्यक्षही होतात. जोसेफ एस्त्रादा 1998 मध्ये झालेच. डॉल्फींनाही गळ घातली गेली. त्यांचं उत्तर प्रसिद्ध आहे: उभं राहणं सोपं आहे, पण निवडून आलो तर काय करू? लोक हसले. मला मात्र हे उत्तर पूर्ण गांभीर्याने दिलेलं वाटतं. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांना 'राष्ट्रीय कलाकार' किताब का मिळाला नाही?

'राष्ट्रीय कलाकार' हा फिलिपिन्सचा कलेतला सर्वोच्च सन्मान. जिवंतपणी तो त्यांना मिळाला नाही. निवडप्रक्रियेत त्यांचं नाव आलं होतं. अभ्यासक निकानोर तियोंग्सन यांनी आपण विरोध केल्याचं 2012 मध्ये उघडपणे सांगितलं: 'फासिफिका फालायफाय' समलिंगी माणसांची विकृत प्रतिमा रुजवतो आणि 'जॉन एन मार्शा' आळशी गरिबीचं कौतुक करते, असा त्यांचा मुद्दा. 2009 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी निवडसमितीला डावलून काही नावं घुसवल्याने मोठा वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यामुळे डॉल्फी रुग्णालयात असताना घाईने किताब द्यावा ही मागणी नियमांत अडकली.

तियोंग्सन यांनी मत लपवलं नाही, याचा मी आदर करते. पण दोन कामांवरून साडेसहा दशकं तोलली गेली, त्यात कोरिंग आणि मार्कोवा कुठे होते, हा प्रश्न उरतोच. सरकारने 2010 मध्ये 'ऑर्डर ऑफ द गोल्डन हार्ट' हा नागरी सन्मान दिला, सर्वोच्च श्रेणीत. तो दानशूरतेसाठी असतो. कलेचं देणं तेवढ्याने फिटत नाही.

शेवटचे दिवस कसे गेले?

त्यांना फुप्फुसांचा जुना विकार होता. 2012 च्या जूनमध्ये न्यूमोनियाने गाठलं, मग मूत्रपिंडं थकली. 10 जुलैच्या रात्री माकाती मेडिकल सेंटरमध्ये ते गेले. चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाला पंधरा दिवस होते. राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो आकिनो तिसरे यांनी 13 जुलै हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ जाहीर केला. 15 जुलैला तागिगच्या हेरिटेज पार्कमध्ये दफन झालं.

त्यांचं आत्मचरित्र आहे का?

आहे, 2008 मध्ये आलं, टागालोगमध्ये. नावाचा अर्थ: 'इथवर मी एकटा पोचलो नाही'.

टागालोग येत नाही. पहिल्यांदा काय पाहावं?

'आंग ताताय कोंग नानाय' आधी पाहा. नंतर 'मार्कोवा'. हे दोन्ही उपशीर्षकांसह मिळाले तर उत्तम. मग 'जॉन एन मार्शा' चे जे तुकडे हाती लागतील ते शब्द कळले नाहीत तरी बघा. सासू बोलत असताना सासूकडे पाहू नका. मागे उभ्या जॉनकडे पाहा, तो कान खाजवतो, चड्डी सावरतो, मार्शाकडे एक नजर टाकतो, आणि ओठ हलतात.